ढाक एकच, अंगे वेगळी

कराड तालुक्यातील एका तालमीत गेल्या हिवाळ्यात मी काही पहाटे हौद्याच्या काठावर बसून घालवल्या. ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत दोन पोरे ढाक हा कुस्तीचा डाव घोटत होती. वजनाने दोघे जवळजवळ सारखे. पण एक बुटका, रुंद बांध्याचा, तर दुसरा त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच आणि लांब हातांचा. वस्तादांनी दोघांना एकाच शब्दांत डाव सांगितला होता: एका हाताने जोडीदाराची मान कवळायची, दुसऱ्याने त्याचा दंड ओढायचा, गुडघे वाकवून कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि तसेच वळत त्याला कंबरेवरून पुढे टाकायचे. बुटक्याला डाव आठवड्याभरात बसला. उंच मुलगा मात्र सांगितले तेच करत असूनही अर्ध्या वळणावर अडकायचा, आणि जोडीदार मागून त्याच्या कंबरेला मिठी घालायचा. त्याच्या मेहनतीत कसूर नव्हती. अडचण हाडांच्या लांबीत होती.

फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व तिच्या वजनावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते वजन आसापासून किती दूर आहे यावर असते, कारण हे अंतर वर्गाच्या प्रमाणात मोजले जाते. दोन मल्लांच्या हातांचे वजन सारखे, पण एकाचा हात १० टक्क्यांनी लांब असेल, तर खांद्याभोवती तो हात फिरवताना त्याला २१ टक्के अधिक जडत्वाशी झुंजावे लागते. स्नायूंची पीळ देण्याची ताकद सारखीच धरली, तर तेवढाच फेर घेण्यास त्याला सुमारे १० टक्के अधिक वेळ लागतो. ज्या हालचालीला अर्धा सेकंद पुरतो, तिला ५० मिलिसेकंद जास्त लागले, असे समजा.

ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो, पण कुस्ती अंगाला अंग भिडवून खेळली जाते आणि मल्ल समोरच्याचा बेत डोळ्यांआधी कातडीने व स्नायूंनी ओळखतो. स्नायूला अचानक हिसका बसला की पाठीच्या कण्यातून फिरून येणारी पहिली प्रतिक्रिया हातात साधारण २५ ते ५० मिलिसेकंदांत उमटते. मेंदूपर्यंत जाऊन येणारी, प्रसंग ओळखून बदलणारी प्रतिक्रिया ५० ते १०० मिलिसेकंदांत येते. आणि डोळ्यांनी पाहून जाणीवपूर्वक हलायला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. त्यामुळे ५० मिलिसेकंदांच्या उशिरात समोरच्याचे अंग आपोआप ताठ होते आणि उघडी पडलेली पाठ त्याला मिळते. उंच मुलाने डावाची हुबेहूब नक्कल केली, म्हणूनच तो अडकत होता.

मग डावात बदलायचे काय आणि जपायचे काय? ढाकेचा गाभा दोन गोष्टींत आहे. आपली कंबर समोरच्याच्या गुरुत्वमध्याखाली, म्हणजे अंगाचे सारे वजन जिथे एकवटल्यासारखे असते त्या बिंदूखाली, गेली पाहिजे, आणि त्याचा गुरुत्वमध्य त्याच्या पावलांनी व्यापलेल्या जागेबाहेर सरकला पाहिजे. ७० किलोच्या मल्लाचे वजन सुमारे ६९० न्यूटन भरते. त्याचा गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे १० सेंटिमीटर गेला, की त्याला पालथे करणारा सुमारे ६९ न्यूटन-मीटरचा पीळ खुद्द पृथ्वीच देते, मल्लाला त्यासाठी वेगळी ताकद लावावी लागत नाही. या दोन गोष्टी सुटल्या, तर ती ढाक राहत नाही. बाकी हात कुठे लागावा, पाऊल कधी पडावे, गुडघा किती वाकावा, हे ज्याच्या त्याच्या अंगाने ठरवायचे असते.

सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोड्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कुशल कामगारांच्या अंगाला छोटे दिवे लावून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे वेगळे होते. कोपर जरा चुकले, तर मनगट ते सावरून घेई. सराव म्हणजे ठरलेले उत्तर पुन्हा पुन्हा गिरवणे नव्हे, तर तेच कोडे पुन्हा पुन्हा सोडवणे, असा अर्थ त्यांनी यातून काढला. नवशिका बहुधा सांधे आवळून धरतो, कारण इतके सांधे एकाच वेळी सांभाळणे त्याच्या मेंदूला झेपत नाही. हात बसत गेला, की तो ते एकेक करून सैल सोडतो. मल्लाची स्वतःची ढब या सैल सोडण्यातून घडते, असे मला वाटते, आणि म्हणूनच आधी मूळ डाव घोटून घेण्याचा वस्तादांचा आग्रह मला शास्त्राला धरून वाटतो. जे आवळलेच नाही, ते सैल काय करणार?

याच कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना शरीराबरोबर जमिनीशीही जुळवून घ्यावे लागले. मातीत पाऊल किंचित रुतते, तळव्याला आधार मिळतो, आणि माती फासलेल्या अंगावर पकड टिकते. मॅटवर पाऊल रुतत नाही, घामट अंग हातातून निसटते, आणि गुणांचा व वेळेचा हिशेब सतत डोक्यावर असतो. मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि ५२ किलो गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाक हा त्यांचा हुकमी डाव म्हणून आजही इकडच्या तालमींत सांगितला जातो.

तालमीतल्या उंच मुलाचे कोडे वस्तादांनी बोलून सोडवले नाही. त्यांनी रोज त्याचे जोड बदलले: कधी जड, कधी चपळ, कधी डावखुरा. तिसऱ्या आठवड्यात मला फरक दिसला. वळण्याआधी तो आता समोरच्याची मान हिसका देऊन खाली ओढत होता. समोरचा प्रतिकार म्हणून मान वर उचलायचा, त्याबरोबर त्याचे धड सरळ होऊन गुरुत्वमध्य वर यायचा, आणि लांब पायांच्या या मुलाला फारसे वाकावे न लागता कंबर खाली घालता यायची. जे ५० मिलिसेकंद त्याला कमी पडत होते, ते त्याने समोरच्याच्याच प्रतिक्रियेतून काढले होते. बुटक्याने तोच हिसका दोन दिवस करून पाहिला. त्याचा आखूड हात मानेपर्यंत पोहोचेतो जोडीदार सावध व्हायचा, म्हणून त्याने तो नाद सोडला. हौद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात लंगोट नीट बांधताही न येणारी चार बारकी पोरे उंच मुलाचा हिसका बघून तसाच करू लागली होती. वस्तादांनी त्यांना थांबवले आणि पहिल्यापासून सुरू करायला लावले: मान, दंड, गुडघे, कंबर.