ल्युपसमधली डोकेदुखी : पार्श्वभूमी

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार, त्वचेपुरता थांबत नाही, रुग्णाला गुंगी आणि बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच व्हिएन्नात नोंदले गेले होते. तरी ल्युपस कोणाला म्हणायचे हे ठरवणाऱ्या १९८२ च्या वर्गीकरण निकषांत मज्जासंस्थेच्या वाट्याला दोनच लक्षणे आली : फिट्स आणि सायकोसिस (भ्रम-भास होणारा मानसिक विकार). डोकेदुखी त्यात नव्हती.

ती आली १९९९ मध्ये, एका वेगळ्या यादीत. 'सीएनएस ल्युपस' (मध्यवर्ती मज्जासंस्थेतला ल्युपस) या मोघम शिक्क्याखाली जो तो वेगळे काहीतरी मोजत होता. ते थांबावे म्हणून तज्ज्ञांच्या समितीने १९ विकारांची यादी केली : १२ मध्यवर्ती मज्जासंस्थेचे, ७ परिघीय, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या नसांचे. मध्यवर्ती विकारांत डोकेदुखीला जागा मिळाली आणि तिच्या पोटात मायग्रेन, ताणाची डोकेदुखी, क्लस्टर (एका बाजूला झटक्यांनी येणारी) डोकेदुखी, कवटीतला वाढलेला दाब असे सगळेच आले. इतर कारणे तपासा, अशी सूचना समितीने दिली होती खरी, पण यादी जितकी वापरली गेली तितकी ती सूचना पाळली गेली नाही. ल्युपस असलेल्या बाईला विशीपासून मायग्रेन असेल, तर तोही मेंदूतल्या ल्युपसच्या खात्यात जाऊ लागला.

आक्षेप लगेच आले. २००१ मध्ये फिनलंडमधील अभ्यासकांनी डोकेदुखी, चिंता, सौम्य नैराश्य, सौम्य बौद्धिक घट आणि ईएमजीने (स्नायू-नसांच्या विद्युत तपासणीने) सिद्ध न झालेली पॉलिन्यूरोपथी (अनेक नसांचा विकार) वगळून पाहिली. यादीची विशिष्टता, म्हणजे ल्युपस नसलेल्यांना बाहेर ठेवण्याची क्षमता, ४६ वरून ९३ टक्क्यांवर गेली. इतका फरक पडल्यावर तरी यादी दुरुस्त व्हायला हवी होती. २००४ च्या एकत्रित विश्लेषणात ल्युपसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना डोकेदुखी आढळली, पण ल्युपस नसलेल्यांच्या तुलनेत ते प्रमाण वेगळे ठरले नाही.

घोळ वाढवला तो रोगाची सक्रियता मोजणाऱ्या गुणांकाने. त्यात 'ल्युपस हेडेक'ला ८ गुण आहेत, म्हणजे फिट्स किंवा पक्षाघाताइतके. संधिदाहाला मात्र ४. अट अशी की डोकेदुखी तीव्र, सतत आणि अफूजन्य वेदनाशामकांनाही न जुमानणारी हवी. २०१३ च्या बहुदेशीय पाहणीत १,७३२ रुग्णांपैकी १७.८ टक्क्यांना सुरुवातीलाच डोकेदुखी होती. 'ल्युपस हेडेक' भरली एकूण रुग्णांच्या फक्त १.५ टक्क्यांत.

या वादात खरा धोका मागे पडतो. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी) असलेल्या रुग्णात नवी, वाढत जाणारी डोकेदुखी मेंदूतल्या शिरेत झालेल्या गुठळीची असू शकते. प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइड्स चालू असताना ती मेनिंजायटिसचीही (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचीही) निघते. तिथे ताबडतोब स्कॅन किंवा पाठीतले पाणी तपासणे लागते, गुण मोजणे नव्हे.

२०१९ च्या वर्गीकरण निकषांत डिलिरियम (अचानक येणारा गोंधळलेपणा), सायकोसिस आणि फिट्स आहेत, डोकेदुखी नाही. गुणांकातले ८ गुण मात्र कायम राहिले. म्हणून काही अलीकडच्या औषधचाचण्यांनी रुग्ण निवडताना हे गुण धरायचे नाहीत, अशी वेगळी अटच घातली.