वास लपत नाही, डबा उघडत नाही

अस्वलांच्या मुलुखात तंबू ठोकणारे नवखे लोक खाणं एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधतात आणि निर्धास्त झोपतात. अस्वलाच्या नाकापुढे या पिशव्यांचा काही टिकाव लागत नाही. वासाचे रेणू प्लास्टिकमधून झिरपतात, शिवाय बांधतानाच हाताचं तेलतूप पिशवीला बाहेरून लागलेलं असतं. त्यामुळे वास लपवायच्या खटाटोपात न पडता, वासामागे आलेलं अस्वल रिकाम्या पोटी परत जाईल एवढंच बघायचं.

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात काळी अस्वलं मोटारीच्या दाराच्या वरच्या फटीत नख्या अडकवून दार खाली वाकवतात. 1998 साली तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना झाल्या. झाडाला पिशवी टांगायची जुनी युक्तीही फसली. अस्वलं दोर तोडत, नाहीतर बारीक फांदीवर पिल्लाला चढवत! आता तिथल्या रानात मुक्कामाला अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे.

हा डबा वास अडवत नाही. तो इतका रुंद, गोल आणि गुळगुळीत असतो की जबड्यात मावत नाही. काहींच्या झाकणाच्या कड्या तर नाण्याने फिरवाव्या लागतात. मोंटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन गावच्या वन्यप्राणी केंद्रात असे डबे आत खाऊ भरून बंदिस्त ग्रिझली अस्वलांपुढे टाकतात. ओढाताण, चावाचावी 60 मिनिटं सोसली तर डबा पास. तरी न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरोंडॅकच्या डोंगरात एक अस्वलीण निघालीच. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांमुळे तिला यलो-यलो म्हणत. एका डब्याचं झाकण उघडायचं तंत्र तिने आत्मसात केलं आणि कंपनीला झाकण बदलावं लागलं.

लोक विसरतात ते खाणं नव्हे, बाकीच्या वस्तू: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांचं मलम, च्युइंगगम, कचऱ्याची पिशवी. हे सगळं डब्यातच जायला हवं, म्हणून घरीच एकदा भरून बघावं. शरद ऋतूत तर जास्तच जपावं. शीतनिद्रेआधी अस्वल दिवसाला 20,000 कॅलरींपर्यंत खातं.

डबा तंबूपासून दूर ठेवावा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सल्ला 100 यार्डांचा, म्हणजे साधारण 90 मीटरचा आहे. जागा सपाट हवी, कडा किंवा ओढा जवळ नको, कारण अस्वल डबा लोळवतं. आणि डब्याला दोरी बांधू नये. दोरी म्हणजे अस्वलाला आयती मूठ, ती दातात धरून ते डबा खुशाल ओढून नेतं.