बर्नार्डच्या ताऱ्याने ६० वर्षं कसं झुलवलं

बर्नार्डचा तारा आपल्यापासून जेमतेम ६ प्रकाशवर्षांवर आहे. अल्फा सेंटॉरीचं त्रिकूट सोडलं तर हाच सगळ्यात जवळचा, पण लाल बटू (म्हणजे छोटा, थंड तारा) असल्याने इतका मंद की नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही. आता एवढ्या जवळ म्हटल्यावर ग्रह शोधायला सगळे इथेच येणार ना!

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेच्या पीटर व्हॅन द कॅम्प यांनी जाहीर केलं की इथे गुरूपेक्षा मोठा ग्रह आहे. १९३८ पासून ते या ताऱ्याचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेत होते आणि ग्रहाच्या ओढीने डुलावा तसा तारा किंचित डुलतोय असं त्यांना दिसत होतं. पण १९७३ मध्ये दुसऱ्या वेधशाळांच्या प्लेटा तपासल्या तर त्यात डुलणं वगैरे काही नाही, आणि त्यांच्याच वेधशाळेतल्या जॉन हर्शी यांच्या लक्षात आलं की टेलिस्कोपच्या भिंगात फेरफार केले, साफसफाई केली की त्या सुमारास दुसरे तारेही तशीच उडी मारतात. म्हणजे हलत होतं ते भिंग! व्हॅन द कॅम्प यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. १९९५ च्या मे महिन्यात ते गेले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह, सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पहिलाच, सापडल्याची बातमी आली. नशीब म्हणतात ते हे.

हल्ली ताऱ्याचा प्रकाश फोडून त्याचा वेग मोजतात, तारा आपल्याकडे सरकला की वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे जातात, लांब गेला की लालकडे. यातही फसगत होतेच. २०१८ मध्ये इथे पृथ्वीच्या तिप्पट वजनाचा, २३३ दिवसांत फेरी मारणारा ग्रह जाहीर झाला आणि २०२१ मध्ये कळलं की तो ताऱ्याच्याच पृष्ठभागावरच्या घडामोडींचा खेळ होता.

शेवटी २०२४ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या एस्प्रेसो या वर्णपट मोजणाऱ्या यंत्राला एक खरा ग्रह सापडला, आणि २०२५ मध्ये हवाईच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीवरच्या मरून-एक्स या तशाच यंत्राचा डेटा जोडल्यावर चार झाले. चारही पृथ्वीच्या साधारण १९ ते ३४ टक्के वजनाचे. एकेकामुळे तारा सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा हलत नाही, रमतगमत चालणारा माणूस याहून जोरात जातो, आणि हे ६ प्रकाशवर्षांवरून मोजलंय, कमाल आहे राव.

राहायला मात्र तिथे जागा नाही. वर्ष २.३ ते ६.७ दिवसांचं, म्हणजे सगळे ताऱ्याला अगदी चिकटून आणि तापलेले. जिथे पाणी टिकू शकेल त्या पट्ट्यात पृथ्वीएवढा जड ग्रह असता तर एव्हाना सापडला असता, हलकाफुलका एखादा लपलेला असू शकतो.