हजारात तीन भागांचा खेळ: जुना लाव्हा लॅम्प पुन्हा चालता करताना

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. बाटलीत खाली रंगीत पाणी, वर गोडेतेल. त्यात ईनोची पुडी टाकली की रंगीत थेंब वर-खाली नाचायला लागतात. शेजारी पाटी असते, 'लाव्हा लॅम्प'. प्रयोग चांगला आहे, पण तो लाव्हा लॅम्प नाही. तिथे थेंबाला वर नेतो कार्बन डायऑक्साइडचा बुडबुडा. बुडबुडा वर जाऊन फुटला की थेंब खाली येतो आणि पुडीतला वायू संपला की सगळं थांबतं. खऱ्या लाव्हा लॅम्पमध्ये वायूचं काही काम नसतं आणि आत काही उकळतही नाही. पाणी आणि मेणाची बाटली सीलबंद असते, तिच्याखालच्या बैठकीत एक बल्ब असतो, आणि आतलं मेण वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतं. का होतं, हे कळल्याशिवाय जुन्या दिव्याची बाटली उघडली तर ती बहुतेक वेळा वाया जाते.

या दिव्याचा जन्म इंग्लंडमधला. एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी एका पबमध्ये अंडं उकडायची वेळ दाखवणारं, द्रवाने भरलेलं एक यंत्र पाहिलं आणि त्यावरून हा दिवा घडवला. सुरुवातीचे नमुने नारंगी सरबताच्या बाटलीत बनवले होते, त्यावरूनच दिव्याला तो निमुळता आकार मिळाला. १९६३ मध्ये त्यांच्या क्रेस्टवर्थ कंपनीने 'ॲस्ट्रो' हे मॉडेल बाजारात आणलं. कारखाना डॉर्सेट परगण्यातल्या पूल गावी होता. १९६५ च्या हॅम्बर्गच्या व्यापारी प्रदर्शनात दोन अमेरिकी व्यावसायिकांनी तो पाहिला, अमेरिकेचे हक्क घेतले आणि शिकागोत उत्पादन सुरू झालं. तिकडचं गाजलेलं मॉडेल 'सेंच्युरी', सोनेरी बैठकीला बारीक भोकं असलेलं. मूळ इंग्रजी कंपनीचं नाव १९९२ मध्ये 'मॅथमॉस' झालं. दिवा हाती आला की आधी बैठक उलटी करून तळाचं लेबल वाचा. पूल की शिकागो, आणि व्होल्टेज किती, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. ते लेबल ओल्या फडक्याने पुसू नका.

आता आतलं मेण. पॅराफिन मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. घन असताना त्याची घनता ०.९ च्या आसपास, वितळून ६० अंशांवर गेलं की ०.७८ च्याही खाली. म्हणजे नुसतं मेणबत्तीचं मेण बाटलीत घातलं तर ते वर जाऊन बसेल ते तिथेच राहील. म्हणून त्यात एखादा जड, क्लोरीनयुक्त द्रव मिसळलेला असतो. सुरुवातीच्या दिव्यांत तो कार्बन टेट्राक्लोराइड होता, घनता १.५९. आयतनाने साधारण पाव भाग असा जड द्रव मिसळला की मेण पाण्याच्या अगदी बरोबरीला येतं.

सगळी करामत या बरोबरीत आहे. तापवल्यावर पाणीही फुगतं आणि मेणही फुगतं, पण सारखं नाही. ५० अंशांच्या आसपास एक अंश वाढला की पाण्याचं आयतन सुमारे ०.०००४६ पटीने वाढतं, वितळलेल्या मेणाचं सुमारे ०.०००८ पटीने. दहा अंशांचा हिशेब केला तर पाणी हजारात साडेचार-पाच भाग हलकं होतं आणि मेण आठ भाग. फरक उरतो हजारात तीन ते साडेतीन भागांचा. बल्बच्या जवळ मेण एवढंच हलकं होतं आणि वर निघतं. बाटलीच्या निमुळत्या टोकाशी थंड होऊन तेवढंच जड होतं आणि परत फिरतं.

मेण उष्णतेचा मंद वाहक आहे, पाण्याच्या निम्म्याहूनही मंद. म्हणून गोळा वर पोचला तरी आतून गरम असतो, काही वेळ तिथे रेंगाळतो आणि मग उतरतो. मेण चांगलं वाहक असतं तर वाटेतच उष्णता देऊन अर्ध्यावरून माघारी आलं असतं. खाली आलेला गोळा तळाच्या मेणात लगेच मिसळत नाही. दोघांच्या मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. तळाशी तारेची स्प्रिंग असते ती हा पापुद्रा फोडायला आणि काचेची उष्णता मेणात पसरवायला. स्प्रिंग जागेवरून सरकली की तळाशी गोळ्यांची रास साचते, आणि लोकांना वाटतं मेण खराब झालं.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे तत्त्व परकं वाटायचं कारण नाही. वेरूळची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत तो ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेला खरा लाव्हा आहे. तो वर आला तोही असाच. खोलवरचा तापलेला खडक भोवतालच्या खडकापेक्षा थोडासाच हलका झाला आणि तेवढ्या फरकावर वर चढला. दिव्यातल्या मेणाला वर छत्रीसारखं डोकं आणि खाली बारीक दांडा येतो, तोच आकार भूशास्त्रज्ञ अशा उसळ्यांच्या चित्रांत काढतात.

घनतेचा फरक इतका बारीक असल्यामुळे दुरुस्तीचा क्रम ठरून जातो. आधी तापमान, मग बैठक, आणि बाटली अगदी शेवटी.

तापमान म्हणजे बल्ब. या दिव्याला तारेचाच बल्ब लागतो, कारण उजेड हे त्याचं जोडकाम आहे, मुख्य काम उष्णता. नऊ वॅटचा एलईडी कितीही लख्ख असला तरी मेण हलणार नाही. देवघरातला झिरोचा बल्बही कामाचा नाही, तो साधारण पंधरा वॅटचा असतो. बहुतेक मॉडेलांना २५ किंवा ४० वॅट लागतात. अमेरिकी दिव्यातला १२० व्होल्टचा बल्ब आपल्या २३० व्होल्टवर लावला तर क्षणात उडतो. शिवाय काही अमेरिकी मॉडेलांचा होल्डर १७ मिलिमीटर आट्यांचा असतो, त्यात बसेल असा बल्ब आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाही. सोपा मार्ग असा: १४ मिलिमीटर आट्यांचा चिनी मातीचा होल्डर बसवा आणि ओव्हनमध्ये लागतो तो २५ किंवा ४० वॅटचा छोटा बल्ब लावा. तो उष्णतेसाठीच बनवलेला असतो. प्लॅस्टिकचा होल्डर नको, महिन्या-दोन महिन्यांत ठिसूळ होतो. काढलेला मूळ होल्डर पिशवीत घालून दिव्यासोबतच ठेवा, संग्राहकाच्या दृष्टीने तो दिव्याचाच भाग आहे.

बल्ब बरोबर असूनही मेण उठत नसेल तर व्होल्टेज मोजा. कृषिपंपांचा भार आला की गावाकडे १८० व्होल्टपर्यंत घसरण होते. तारेच्या बल्बची शक्ती व्होल्टेजच्या साधारण १.६ व्या घाताने बदलते, म्हणून ४० वॅटचा बल्ब १८० व्होल्टवर २७ वॅटच देतो. २५० व्होल्टवर तोच ४५ च्या वर जातो. पहिल्या वेळी मेण तळाशी खांबासारखं उभं राहून थांबतं, दुसऱ्या वेळी सगळं वर जाऊन गोळा होतं. दोन्हीत बाटलीचा काहीच दोष नाही.

खोलीच्या हवेचंही तसंच. हे दिवे २० ते २५ अंशांच्या खोलीसाठी बनवलेले आहेत. बाटलीतलं तापमान खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राहतं, त्यामुळे खोली पंधरा अंशांनी तापली की आतलं सगळंही तेवढंच वर सरकतं. परभणीत जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात बेचाळीस ओलांडतो. एकच बल्ब दोन्ही ऋतूंत चालणार नाही. हिवाळ्यात ४० वॅट, उन्हाळ्यात २५, किंवा ४० च्या बल्बला डिमर. डिमर हा सर्वांत चांगला उपाय आहे, कारण त्याने वॅट हवे तितके बारीक कमी करता येतात.

बैठकीत आधी वायर बघायची. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं आणि बैठक धातूची, म्हणजे शॉकची पूर्ण तयारी. ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर टाका आणि हिरवी अर्थिंगची तार स्क्रूने धातूला घट्ट जोडा. मूळ दिव्यात अर्थिंग नसलं तरी जोडा. मूळपणाचा आग्रह इथे सोडावाच लागतो. पितळ किंवा तांब्याच्या बैठकीला चिंच-मीठ लावून घासू नका, वरचा लॅकर जातो आणि मग ती दर महिन्याला काळी पडते.

बाटली गढूळ असेल तर घाई नको. गढूळपणाचं नेहमीचं कारण म्हणजे मेण मऊ असताना बसलेले हादरे. हे मेण साधारण ४५ अंशांपासून मऊ पडतं. मे महिन्यात एसटीच्या टपावरून आलेलं पार्सल किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला दिवा तेवढा सहज तापतो. हादऱ्याने मेणाचे सूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात. हे थेंब किती वेगाने वेगळे होतील ते स्टोक्सचा नियम सांगतो: वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात आणि द्रवाच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात. पाणी ५० अंशांवर आणि घनतेतला फरक हजारात तीन धरला तर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचा थेंब दिवसभरात जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. दहा मायक्रॉनचा थेंब मात्र शंभरपट, म्हणजे दहा सेंटिमीटर. म्हणून जाड धुकं तीन-चार दिवसांत निवळतं आणि दुधट झाक महिनाभर राहते. थंड बाटलीत मेण आक्रसून घनतेतला फरक वाढतो, त्यामुळे थेंब अधिक वेगाने बसतात. दिवा रोज सहा-सात तास चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या, आणि मध्ये बाटली हलवू नका. दोन-तीन आठवडे असं केल्यावरच द्रव बदलायचा विचार करा.

बाटली उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: दिवा १९७० च्या आधीचा असेल किंवा वय नक्की ठरत नसेल तर उघडू नका. कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक आहे आणि त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते. अशा दिव्याची बैठक दुरुस्त करा, बाटली जशी आहे तशी जपा. गढूळ असली तरी मूळ द्रवाच्या बाटलीला संग्राहकांत मान आहे. ड्रायक्लीनिंगचा द्रव आणून घरी मेण बनवायच्या पाककृती फिरत असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो टेट्राक्लोरोएथिलीन असतो आणि कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत त्याची गणना होते.

नंतरच्या काळातला दिवा असेल तर मेण तसंच ठेवून फक्त पाणी बदलायचं. बाटली पूर्ण थंड, मेण घट्ट. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरात हे काम नको. झाकण सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं असतं, ते ओपनरने चारही बाजूंनी थोडं थोडं उचला. एका बाजूने जोर दिला तर काचेच्या तोंडाची कपची निघते आणि मग कुठलंच झाकण बसत नाही. जुनं पाणी ओता आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याने बाटली दोन-तीनदा हळू विसळा. बोअरचं पाणी चालत नाही. आपल्या काळ्या दगडातल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, साबणाशी त्यांचा साका होतो आणि नवं पाणी पहिल्याच दिवशी धुरकट दिसतं.

बॅटरीचंच पाणी भरा, पण गळ्यापर्यंत नको. २५ वरून ५५ अंशांवर जाताना एक लिटर पाणी ११-१२ मिलिलिटरने फुगतं, आणि दोनशे मिलिलिटर मेण वितळताना आणखी २५-३०. म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर जागा मोकळी हवी. एवढी हवा ठेवली नाही तर झाकण गळतं, कधी काच फुटते. भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घाला, तोही दहापट पाण्यात मिसळून, टप्प्याटप्प्याने. साबण पाणी आणि मेणातला पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे गोळा सुटा होतो. जास्त झाला तर मेणाचे मोहरीएवढे दाणे होतात आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत.

आता मीठ. साध्या पाण्यात मेण बहुधा उठणार नाही, कारण मूळ पाण्यात क्षार होते. लिटरमध्ये एक ग्रॅम मीठ घातलं की पाण्याची घनता ०.०००७ ने वाढते. वरचा हजारात तीन-साडेतीनचा हिशेब आठवा: चार-पाच ग्रॅम मीठ म्हणजे मेण दहा अंश आधीच उठू लागणार. चहाच्या चमच्याने मीठ घालणाऱ्याचा दिवा का बिघडतो ते यावरून कळेल. दहा ग्रॅम मीठ ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, त्यातले ५ मिलिलिटर म्हणजे सुमारे एक ग्रॅम. एका वेळी तेवढंच सिरिंजने घाला, झाकण नुसतं वर ठेवा आणि दीड-दोन तास वाट बघा. मीठ रसायनांच्या दुकानातलं शुद्ध सोडियम क्लोराइड हवं. घरच्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून मिसळलेली पूड असते, तिने पाणी गढूळतं. आणि डिसेंबरात मीठ घालून जुळवलेला दिवा मे महिन्यात हमखास वर अडकतो. जुळणी २५ अंशांच्या आसपासच्या दिवसांत करा, ऋतूचा फरक डिमरवर सोडा. जास्त मिठाने स्प्रिंगला गंजही चढतो.

'सकारात्मक ऊर्जा' आणि 'आभा शुद्धी'च्या नावाखाली हे दिवे विकणारे हल्ली बरेच झाले आहेत. दिव्यात जाणारी ऊर्जा ४० वॅट आहे, सहा तासांत पाव युनिट, आणि ती शेवटी सगळी खोलीच्या हवेत जाते. याउलट त्याच्या प्रवाहाचा एक खरा उपयोग आहे: सान फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर कंपनीने शंभरेक दिव्यांची भिंत उभारली आहे. तिच्या छायाचित्रांतून संगणकाच्या कूटलेखनासाठी यादृच्छिक आकडे काढले जातात, कारण मेणाची पुढची हालचाल आधी सांगता येत नाही.

जुळणी झाली की पूर्ण थंड झाल्यावरच कायमचं झाकण लावा. २६ मिलिमीटरची पत्र्याची झाकणं आणि ती दाबायचं हातयंत्र बाटलीबंद सोडा भरणाऱ्यांकडे असतं. झाकण लावल्यावर थंड बाटली कागदावर आडवी धरून गळती तपासा. मग मिठाचे ग्रॅम, साबणाचे थेंब, बल्बचे वॅट आणि जुळणीच्या दिवशीचं खोलीचं तापमान चिठ्ठीवर लिहून बैठकीच्या आत, बल्बपासून लांब चिकटवा. दिवा उन्हात ठेवू नका, रंग उडतो. सलग आठ तासांच्या वर चालवू नका. आणि कुठे पाठवायचा असेल तर दिवाळीनंतर, बाटली उभी ठेवूनच.