तिथीच्या पाऊणपट: ठाणे खाडीवरच्या पहाऱ्यामागची गोष्ट

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट घड्याळावर चालत नाही. आज सकाळी सातला निघाली, तर चार दिवसांनी ती दहाच्या पुढे निघते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वेळ विचारली आणि बोटीवरच्या कोळीदादांनी उलट मला तिथी विचारली. चतुर्थी म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती पूर्ण." मुंबई-ठाण्याच्या कोळ्यांचं हे जुनं गणित आहे. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि तिथून रोज पाऊण तास पुढे जायचं. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. आज खाडीतले पक्षी मोजणारेही याच वेळापत्रकाने बांधलेले आहेत, कारण इथले पक्षीही पाण्याच्याच तालावर जगतात.

ठाण्यापासून मुंबई बंदरापर्यंत ही खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब आहे. तिला स्वतःची मोठी नदी नाही. ठाण्याच्या टोकाला उल्हास नदीशी एक अरुंद, उथळ जोड आहे, तेवढाच. पावसाळा सोडला तर वरून येऊन गाळ धुऊन नेईल असं गोडं पाणी फारसं नसतं. भरतीबरोबर आलेलं इथेच रेंगाळतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं बरंच काही उलगडतं.

चेंदणी, विटावा, दिवा, घणसोली, वाशी, सारसोळे, दिवाळे: दोन्ही काठांवर कोळी आणि आगऱ्यांची गावं. मिठागरं, खाजणातली भातशेती, चिंबोऱ्या, कोलंबी, बोय आणि चिखलावर सरपटत उड्या मारणाऱ्या निवट्या. 1854 मध्ये ठाण्याहून कल्याणकडे जाणारी रेल्वे खाडी ओलांडून गेली, तरी काठ फारसा बदलला नाही. बदल झाला तो पुढे शंभरेक वर्षांनी. 1960 च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं, 95 गावांच्या जमिनी या नव्या शहरासाठी गेल्या आणि 1973 मध्ये वाशीचा पूल खुला झाला. दोन्ही काठांवरचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मग या रेंगाळणाऱ्या खाडीत उतरू लागलं.

ते पाणी सगळ्यात आधी अभ्यासलं ते अगदी काठावरच्या लोकांनी. चेंदणी बंदराजवळच्या बांदोडकर महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे अभ्यासक वर्षानुवर्षं खाडीतला गाळ, पाणी आणि जीव तपासत आले. निवटीसारखा मासाही त्यांनी अभ्यासाला घेतला. फ्लेमिंगोंचे फोटो वर्तमानपत्रांत झळकण्याच्या कितीतरी आधी या मंडळींनी चिखलात पाय घातले होते. या कामाची दखल फार कमी घेतली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले 1990 च्या दशकाच्या मध्यावर. आधी शिवडीच्या चिखलात दिसले, मग खाडीत वर सरकत ऐरोली-भांडुपपर्यंत. त्यात लहान रोहित ही जात जास्त, मोठा रोहित ही कमी. अशा घाण झालेल्या खाडीत ते आले का? लहान रोहितला जवळून खाताना पाहिलं की हे कोडं सुटायला लागतं. मान खाली सोडून तो चोच उलटी करतो, वरची बाजू खाली. पाण्याच्या पातळ थरातून ती डावी-उजवी फिरत राहते. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत सूक्ष्म शेवाळ अडकतं. पिसांचा गुलाबी रंगही या शेवाळातल्या रंगद्रव्यांचाच. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर हे शेवाळ भरभरून वाढतं. म्हणजे आपण वरून सोडलेली घाण खाली रोहितांचं ताट वाढत होती. फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असं आनंदाने सांगणारे मला नेहमी भेटतात. त्यांना हे सांगताना जड जातं, पण सांगावं लागतं. आज पोट भरणारं पाणी थोडं आणखी बिघडलं तर उद्या विषारी होऊ शकतं. म्हणूनच या खाडीला नुसतं कुंपण पुरत नाही, सतत लक्ष लागतं.

कायद्याचं कवच टप्प्याटप्प्याने आलं. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला मनाई केली. 2012 मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन, म्हणजे खारफुटीचा, कक्ष सुरू झाला. 6 ऑगस्ट 2015 रोजी 1690 हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं: 896 हेक्टर कांदळवन, 794 हेक्टर पाणी. मालवणच्या 1987 मधल्या सागरी अभयारण्यानंतर हे राज्यातलं दुसरं. 2022 मध्ये आजूबाजूच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासह सुमारे 6500 हेक्टरचा पट्टा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला.

पद्धतशीर मोजणी मात्र त्या मानाने अलीकडची. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूच्या निमित्ताने, म्हणजे आजच्या अटल सेतूच्या, 2018 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला. हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी शंभर पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि मग पूर्ण थव्यावर तेवढे तुकडे पाडत जायचं. एकाच पक्ष्याची दोनदा नोंद होऊ नये म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी माणसं उभी करायची. करडी-मळकट पिल्लं किती, कोणाच्या पायात अभ्यासकांनी घातलेली कडी आहे, तिचा क्रमांक वाचता येतो का, तेही टिपायचं. जानेवारी 2019 मध्ये असा अंदाज सव्वा लाखाच्या जवळ गेला होता.

2022 मध्ये सहा रोहितांच्या पाठीवर त्यांचा माग काढणारी उपग्रह-यंत्रं बसवली. त्यांतल्या चौघांना सलीम, हुमायून, मॅककॅन आणि खेंगारजी अशी नावं दिली. पहिले तिघे निसर्गअभ्यासक, चौथे कच्छचे महाराव. कच्छच्या रणात रोहितांची मोठी वीण होते, हे लक्षात घेतलं की खेंगारजी हे नाव किती नेमकं आहे ते कळतं. आणखी एका पक्ष्याचं नाव थेट नवी मुंबई.

ओहोटीला रोहित चिखलात चरतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि थवे उठून नेरुळ-सीवूड्स आणि उरणच्या पाणथळांत विसावतात. यातली बरीच तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्यांच्या लेखी खाडी आणि तळं हे एकच घर, कागदावर मात्र दोन वेगळ्या जागा. 2024 च्या उन्हाळ्यात याची किंमत दिसली. नेरुळच्या तळ्याकडे भरतीचं पाणी येईना, तळं आटत गेलं आणि तिथे व आसपास रोहित मेलेले सापडले. 20 मे च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची थव्याशी धडक झाली आणि चाळीसच्या आसपास पक्षी घरांवर, रस्त्यांवर पडले. एप्रिल 2025 मध्ये नेरुळच्या त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय राज्याने घेतला.

बोटीतून दिसणारं रोजचं काम यापेक्षा साधं आहे. वनरक्षक काठाकाठाने फिरतात. कुठे रात्रीतून डेब्रिजचा डंपर रिकामा झालाय का, कुठे तिवराची, म्हणजे इथल्या खारफुटीच्या झाडाची, फांदी कोयत्याने उतरवली आहे का, ते बघतात. चिखलावर कोल्ह्याची पावलं दिसतात. हो, या कांदळवनात कोल्हे आहेत, सोसायट्यांच्या भिंतीला लागून.

कांदळवन वाढतंय, ही चांगलीच बातमी. पण गाळ साचून उंच झालेल्या चिखलात तिवर पुढे सरकतं तेव्हा पक्ष्यांची उघडी चरण्याची जागा तेवढी कमी होते. त्या दिवशी परतताना कोळीदादांनी हेच दाखवलं. एका वळणावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबू पाण्यात सोडला. "माझा बाप इथे जाळं लावायचा. तेव्हा हा बांबू तळाला लागत नव्हता." बांबू गुडघाभर पाण्यातच गाळाला टेकला, मग जोर लावल्यावर आणखी आत गेला. वर काढला तेव्हा त्याला दोन हात काळा, कुजका वास येणारा चिखल चिकटला होता. त्यांनी तो खाडीतच धुतला, बोटीत आडवा ठेवला आणि समोरच्या काठाकडे बोट केलं. ओहोटी लागली होती, चिखलाची पहिली कड उघडी पडत होती आणि नेरुळच्या बाजूने थवे परत येत होते.