शनिवार-रविवारच्या ग्रामीण कौशल्य शिबिरांची पार्श्वभूमी

शनिवारी मोकळ्या रानात तंबू ठोकायचे, टोपली विणणे, ओल्या लाकडाचा चमचा कोरणे, कातडे कमावणे, लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटवणे अशी कामे एकमेकांकडून शिकायची आणि रविवारी संध्याकाळी घरी परतायचे, असे मेळावे पाहिले की ही खेड्यातलीच जुनी रीत असावी असे वाटते. प्रत्यक्षात हे स्वरूप अलीकडचे आहे. या कामांवर पोट चालत होते तोवर ती दोन दिवसांत, कोणाही परक्याला आणि हौसेखातर शिकवण्याची कल्पनाच कोणाला सुचली नसती. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांच्या उमेदवारीशिवाय कारागिराला आपला धंदा करण्याची मुभा नव्हती. ही सक्ती १८१४ मध्ये उठली, आणि यंत्रांच्या रेट्यापुढे पुढच्या शतकात उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी विद्येची साखळीच अनेक धंद्यांत तुटली.

ज्या कारखान्यांनी ही साखळी तोडली, त्यांच्याच वेळापत्रकातून शनिवार-रविवारची सुट्टी जन्माला आली, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. ब्रिटनच्या १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व किशोरवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक झाले. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला.

या मोकळ्या वेळेत तंबू आला तो सायकलस्वारांबरोबर. थॉमस हायरम होल्डिंग यांनी १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना उभारली. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी अमेरिकेत मुलांसाठी रानविद्येची चळवळ सुरू केली, आणि १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. मात्र या शिबिरांतली विद्या बहुतांशी सैनिक, वाटाडे आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी यांच्याकडची होती, खेड्यातल्या कारागिराची नव्हे. सेटन यांनी ज्या मूळ रहिवाशांचा आदर्श मुलांपुढे ठेवला, त्यांच्याच मुलांना त्याच काळात निवासी शाळांत नेऊन स्वतःची भाषा बोलायला मनाई केली जात होती. हा अन्याय या इतिहासातून वगळता येणार नाही.

कारागिराची विद्या शिबिरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये निसर्गसंवर्धनासाठी स्वयंसेवकांची पथके निघू लागली, आणि अशा पथकांतून शहरी तरुणांच्या हाती कोयते-कुऱ्हाडी आल्या. चुना-सिमेंटशिवाय दगडी कुंपणे रचणाऱ्यांची संघटना १९६८ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या रॅबन परगण्यात शाळकरी मुलांनी १९६६ पासून म्हाताऱ्या माणसांना विचारून ओंडक्यांचे घर कसे बांधतात यासारखी माहिती टिपायला सुरुवात केली. त्यातून निघालेले ‘फॉक्सफायर’ नियतकालिक आणि १९७२ पासूनची पुस्तके हजारो घरांत पोहोचली.

पण हाताची विद्या कागदावर पुरती उतरत नाही, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांतले खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर. ते बीच वृक्षाच्या रानातच झोपडी उभारून ओले लाकूड फोडत आणि पायाने चालणाऱ्या लेथवर ते कातत. वर लवचिक वासा, खाली पायफळी आणि दोन्हींना जोडणारी, लाकडाभोवती वेढा दिलेली दोरी. पायफळी दाबली की लाकूड कातणाऱ्याच्या दिशेने फिरते तेवढ्यातच पटाशी लावायची आणि वासा दोरी मागे खेचू लागला की ती किंचित उचलायची. ही लय वाचून येत नाही. शेजारी उभे राहून पाहावी लागते आणि चुकलेला हात कोणीतरी धरावा लागतो. हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपला होता. १९९० मध्ये अशा लेथवर काम करणाऱ्या हौशी व व्यावसायिक मंडळींनी संघटना स्थापन केली, आणि तिचा वार्षिक मेळावा म्हणजे तंबूत मुक्काम, अवजारांची देवाणघेवाण आणि परस्परांना शिकवणे.

ब्रिटनमधील हस्तकला संघटनेने २०१७ मध्ये संकटग्रस्त कारागिरीची पहिली यादी काढली, तेव्हा लाकडी कड्याच्या चाळण्या बनवण्याचे काम तिथे नामशेष ठरले होते. नंतर ते पुन्हा सुरू झाले. गाडीची चाके बनवणारा सुतार मात्र दोन दिवसांच्या शिबिरात घडत नाही, आणि म्हणूनच अशा मेळाव्यांत चमचे व टोपल्या भरपूर दिसतात, चाके क्वचितच.