ब्लड ग्रुप निगेटिव्ह आहे? मग सातव्या महिन्यात हे बघाच

पहिलं बाळंतपण नीट होतं, बाळ गुटगुटीत असतं, आणि दुसरं मात्र जन्मल्याबरोबर पिवळं पडतं, पेटीत ठेवावं लागतं, कधीकधी तर पोटातच जातं. मग घरात सुरू होतं, नजर लागली, हिच्या रक्तातच दोष आहे. आपल्या सोलापुरात हे अजून ऐकायला मिळतं आणि जीव तुटतो हो, कारण दोष कुणाचाच नसतो आणि बहुतेक वेळा हे टाळता आलं असतं.

लाल पेशींवर आरएच-डी नावाचं प्रोटीन असलं की ग्रुप पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. हा आजार नाही. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात. नवरा पॉझिटिव्ह असला तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं, आणि बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते प्रोटीन परकं वाटतं, ते अँटीबॉडी, म्हणजे परक्याशी लढणारी प्रोटीनं, तयार करायला लागतं पण त्याला वेळ लागतो, तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं. शरीर मात्र ते विसरत नाही. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्या अँटीबॉडी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडतात, मग ॲनिमिया, कावीळ, अंगावर सूज.

१९६८ पासून यावर अँटी-डीचं इंजेक्शन मिळतं. आईच्या शरीराला पत्ता लागायच्या आधीच ते आईच्या रक्तात मिसळलेल्या बाळाच्या पेशींचा निकाल लावतं. हे माणसाच्याच प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ भागापासून, बनत आलंय, त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी ११७३ वेळा रक्त-प्लाझ्मा दिला, त्या माणसाला मनापासून नमस्कार.

एक डोस २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरा. आता बघा, २८ वा आठवडा म्हणजे सातवा महिना, म्हणजे ओटीभरण आणि माहेरी जायची गडबड. सासर विजयपूर नाहीतर कलबुर्गी, माहेर सोलापूर, साडी-बांगड्या सगळं बॅगेत येतं आणि फाईल तिकडेच राहते. इथल्या डॉक्टरांना वाटतं तिकडे दिलं असेल, तिकडच्यांना वाटतं इथे देतील. म्हणून वहिनी, फाईल आधी भरा, आणि आयसीटी नावाची, अँटीबॉडी तयार झाल्यात का ते दाखवणारी रक्ततपासणी झाली का, डोस कुठल्या तारखेला दिला, हे कार्डावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट बायका सांगतच नाहीत. दिवस राहिले होते आणि पडलं, किंवा मेडिकलमधून गोळ्या आणून खाली केलं, सासूसमोर कसं बोलायचं? पण गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, मधेच रक्त जाणं, पोटावर जोरात मार लागणं, यातही रक्त मिसळू शकतं. डॉक्टरांना एकटीत गाठून सांगा, पण सांगा.

अँटीबॉडी आधीच तयार झाल्या असतील तर इंजेक्शनचा उपयोग नाही. मग डॉप्लर सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूकडच्या रक्तवाहिनीतला वेग बघत राहतात, ॲनिमिया वाढला तर मोठ्या सेंटरमध्ये बाळाला पोटातच नाळेतून रक्त देतात. तशी बाळं वाचतात.

आणि ७२ तास उलटून गेले म्हणून घरी बसू नका, दहा दिवसांपर्यंत दिलं तरी थोडाफार फायदा होऊ शकतो, लगेच दवाखाना गाठा.